‘परवा’ म्हंजी कोणता परवा?

या, अशा जवळ सरका. उंबऱ्यात कशाला बसलाय परक्या पाव्हण्यासारखं? आत चटई आहे, पंखा आहे, मी आहे. किती महिन्यांनी उगवलात! ‘काकू, परवा येतो’ म्हणून गेला होतात. त्या परव्याच्या नावानं मी शेंगा भाजून ठेवल्या, अन् शेवटी मीच खाल्ल्या. माझं सोडा, या वयात मी रागावून रागावणार किती? पण आमच्या माडीवर दिनकर राहतो, त्याच्या कानावर तुमचं हे ‘परवा’ पडलं असतं ना, तर तुम्ही चपला घालता घालता तिथंच अडकला असता. “परवा म्हंजी कोणता परवा? गेलेला का येणारा? तारीख सांगा, मग बोलू.”

हसू नका. जन्मभर मराठी बोलत आले मी, पण गेलेला दिवसही परवा अन् येणारा दिवसही परवा, हे कधी ध्यानात आलं नव्हतं. दिनकर माडीवरच्या खोलीत राहायला आला त्याच दिवशी मी त्याला खालूनच ओरडून सांगितलं, “नळाचं पाणी परवा!” तो बादली घेऊन जिन्यात उभा. “काकू, येऊन गेलं का यायचं हाय?” मी म्हणाले, “अरे, परवा म्हणजे परवा.” तो म्हणाला, “मग बादली भरायला ठेवू का रडायला ठेवू?” तेव्हाच ओळखलं, हे लेकरू सरळ नाही.

तर हा दिनकर. अंगानं काटकुळा, मानेनं लांब, शर्टाच्या खिशाला दोन पेनं अन् लिहितो मात्र कॉम्प्युटरवर. मनगटात एक जुनं घड्याळ. त्यात तारीख दिसते, अन् वेळ कायम चुकलेली. मी एकदा म्हणाले, “अरे, वेळ तरी लावून घे.” तर म्हणतो कसा, “वेळेचं काय काकू, ती रोज येते. तारीख एकदाच येते.” मी भाकरी उलटली.

गल्लीत सगळे त्याला तारीखराव म्हणतात. आमच्या समोरचे अण्णा गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं, बायका रडतायत, अन् हा अण्णांच्या थोरल्याजवळ जाऊन हळूच विचारतो, “कोणत्या तारखेला?” तो बिचारा हुंदका गिळून म्हणाला, “आत्ताच, सकाळी.” यानं मान डोलावली, “बरं, म्हंजी आजच धरू.” पोरगा वाईट मनाचा नाही हो. पुढं दहा दिवस त्या घरी याच्याच हातचं चहापाणी चाललं. पण पहिला शब्द तोंडातून तारखेचाच निघतो. एस.टी. स्टँडवर गेला तरी तेच. “उमरगा गाडी कधी?” “येईल की आत्ता.” “आत्ता म्हंजी आजच ना?” कंट्रोलर आता त्याला बघितला की खिडकी लावून घेतो.

या साऱ्याच्या मागं एक दुखणं आहे, ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही नुसतं हसत बसणार नाही. याला सख्खी बहीण एकच, शालन. दिलीय येडशीला. मीच जुळवलं होतं ते लग्न; येडशी माझं माहेर, तिथली सगळी मला आत्या म्हणतात. आई लवकर गेली, तर जळकोटला त्यांच्या घरात या शालननंच दिनकरला न्हाऊमाखू घातलं, शाळेत नेऊन बसवलं. ती शालन आता तीन वर्षं झाली, त्याच्याशी बोलत नाही. अन् तिच्या धाकट्या लेकीचं जावळ तोंडावर आलं होतं. जावळाला लेकरू मामाच्या मांडीवर बसवायचं, ही रीत. मामा एकच. त्याला बोलावणं येतंय का नाही, याचा घोर त्याला, अन् त्याच्याहून जास्त मला.

का बोलत नाही? येतंय ते पुढं. आधी याचं काम सांगते, कारण ते कळल्याशिवाय हा माणूस कळत नाही.

इथं मुरुमात बाबूशेठ आहेत. त्यांचं दूध संकलन केंद्र आहे, पेंडीचं दुकान आहे अन् गावाबाहेर एक मंगल कार्यालय आहे. या सगळ्याचा हिशोब कॉम्प्युटरात, अन् दिनकर त्याचे रिपोर्ट काढतो. माझी समजूत अशी की दिवसभर खुर्चीवर बसून बटणं दाबणं हे काही काम नव्हे, पण चांगला पगारी मुलगा आहे म्हणून मी त्याच्यासाठी एक स्थळ काढलं. सोयरीक जुळवणं हा माझा जुना नाद. मुलीचे वडील बघायला आले. पोहे झाले. त्यांनी विचारलं, “तुम्ही नेमकं काय करता?”

दिनकर म्हणाला, “ज्यांचा एकमेकांशी काही संबंध न्हाय, त्यांचा संबंध जोडतो.”

वडिलांची बशी हातातच राहिली. मी घाईनं म्हणाले, “कॉम्प्युटरात हो!” पण याचं इंजिन सुरू झालेलं. “म्हंजी बघा, आत्ता माझी चार रिलेशनशिप चालू हायेत. त्यातलं एक बंद ठेवलंय, पण काढून टाकलेलं न्हाय. गरज पडली तर तेवढ्यापुरतं चालू करता येतंय.”

पाव्हणे उठले. मी दारापर्यंत मागं मागं गेले, तर मला म्हणतात, “बाई, पोरगा तोंडानं कबूल करतोय चार म्हणून! तुम्ही वडीलधाऱ्या, तुम्हाला तरी कळायला नको?” मी आत येऊन त्याला झाडला. तो चष्मा पुसत म्हणाला, “काकू, टेबलांची रिलेशनशिप हो.” आता टेबल म्हटलं की मला चार पाय दिसतात. त्या दिवशी त्यानं मला समजावलं की त्याच्या कॉम्प्युटरात रकान्यांचा तक्ता असतो, त्याला ते टेबल म्हणतात. मी म्हणाले, “मग तक्ता म्हण की मेल्या! एक सोयरीक वाचली असती.”

या टेबलांनीच त्याला एकदा रडवलं. बाबूशेठनं विचारलं, “दिनकर, आपल्या कार्यालयात लग्न असलं की त्या दिवशी दूध कमी येतंय, असं मला वाटतंय. खरं का खोटं, दाखव.” साधा प्रश्न. पण दुधाच्या टेबलात दूधवाल्यांची नावं, लिटर अन् फॅट. कार्यालयाच्या टेबलात नवरा-नवरी, मांडव अन् जेवणावळ. म्हशीचा अन् नवरदेवाचा संबंध काय? (गल्लीतल्या बायका यावर काय बोलल्या, ते मी सांगणार नाही.) दोन्हींत सारखं असं एक नाव नाही, एक खूण नाही. यानं घाईत दोन्ही तसेच एका रिपोर्टात शेजारी शेजारी मांडले, तर प्रत्येक लग्नासमोर एकच आकडा. वर्षभराचं सगळं दूध! मोठ्या लग्नाला तेवढंच, लहान लग्नाला तेवढंच.

शेठ म्हणाले, “अरं, एका लग्नाला माझं वर्षाचं दूध? वऱ्हाड हाय का कुंभकर्णाची पंगत?”

संध्याकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसला, तोंड उतरलेलं. मी विचारलं, “असं का होतंय रे?” म्हणाला, “काकू, दोन टेबलांची ओळखच न्हाय. ओळख नसली की कॉम्प्युटर प्रत्येकाच्या पानात सगळंच वाढतो. मधी कुणीतरी लागतंय.”

“मध्यस्थ!” मी म्हणाले. “मग मला विचार की. एक घर तुळजापूरच्या बाजूचं, एक घर मुरुमचं. ना ओळख ना पाळख. मी काय करते? बाजारच्या दिवशी जाऊन उभी राहते. हा इकडून मिरच्या घ्यायला येतो, तो तिकडून बैल बघायला येतो. दोघांचा संबंध नाही, पण बाजार दोघांचा एकच. तिथं मी दोघांना गाठते.”

दिनकर पाटावरून असा उठला की फळीवरचे डबे हलले. “काकू! तारीख! तारीख म्हंजी बाजार! दूधबी कोणत्यातरी तारखेला येतंय, लग्नबी कोणत्यातरी तारखेला लागतंय. तारखांचं एक वेगळं टेबल करायचं. त्यात फक्त दिवस. प्रत्येक दिवस एकदाच. दुधाची सोयरीक त्याच्याशी, लग्नाची सोयरीक त्याच्याशी. सरळ सोयरीक नसली तरी चालतंय, मधी तारीख हाय ना!”

त्या दिवशी त्यानं एक भाकरी जास्त खाल्ली. तेव्हापासून ‘मधी तारीख हाय ना’ हे त्याचं पालुपद झालं. नवरा-बायकोचं भांडण असो, दोन पक्षांचं असो, हा आपला बोट वर करून, “मधी तारीख हाय ना.”

पण कॉम्प्युटर काही इतका सरळ नव्हता. दुसऱ्या दिवशी तारखांचा बाजार भरला, अन् दूध बाजारात आलंच नाही! सगळंच्या सगळं दूध रिपोर्टच्या तळाशी एका बिननावाच्या ओळीत जाऊन पडलेलं. दूध मोजायचं यंत्र तारखेला सकाळ-संध्याकाळची वेळ चिकटवून लिहीत होतं म्हणे, अन् बाजारात होत्या नुसत्या तारखा. कॉम्प्युटरला वाटलं, हा दिवस वेगळा अन् तो दिवस वेगळा. शेठनी कपाळाला हात लावला, “सगळं दूध सांडलं की रं!” यानं शांतपणे प्रत्येक तारखेची वेळ कापून टाकली. वेळेचं काय, ती रोज येते.

मग राहिली लग्नं. अन् तिथं त्याची गाठ पडली शेठच्या आईशी, अव्वांशी. कार्यालयाचं बुकिंग अव्वांच्या तोंडी. त्या सांगणार, कारकून टंकणार. अन् अव्वा इंग्रजी तारीख मानत नाहीत. त्यामुळं टेबलात तारखेच्या जागी काय? ‘वैशाख शुद्ध सप्तमी’. ‘तुळशीच्या लग्नानंतरचा दुसरा गुरुवार’. एका ठिकाणी तर ‘मागल्या साली पाटलाचं झालं तोच दिवस’. दिनकर ते घेऊन माझ्याकडं आला, अन् आम्ही दोघं माझी जुनी पंचांगं पसरून बसलो.

काय सांगू, त्या पोरानं तोंड असं केलं, जसं कुणी त्याच्या देवाची मूर्ती फोडतंय. मी म्हणाले, “ही तिथी दोन दिवस आहे.” “एक दिवस दोनदा?” “अन् ही तर नाहीच. क्षय झालाय तिचा.” “दिवसच न्हाय? गेला कुठं?” “अन् त्या साली अधिक महिना होता.” त्यानं पंचांगाचं पान बोटानं मोजून बघितलं. “काकू, एक पूर्ण महिना जास्तीचा? अन् कुणी तक्रार केली न्हाय?”

पितृपंधरवडा आला तेव्हा मी म्हणाले, “हे दिवस काढून टाक तुझ्या बाजारातून. यात लग्नच नसतं.”

“न्हाय काकू. ज्या दिवशी काहीच घडलं न्हाय, त्यो दिवसबी ठेवायचा. गाळला की पुढचं सगळं घसरतंय.”

“रिकामा दिवस ठेवून करायचंय काय?”

“मागनं त्यात काय भरायचं झालं तर? जागा नको?”

मी पुढची ओळ वाचली, “लिही, माघ शुद्ध तेरस.” याची बोटं थांबली.

“तेरस म्हंजी तेरा तारीख न्हाय, काकू.”

“अरे, मी कुठं म्हणाले तेरा?”

“न्हाय. सांगून ठेवलं.”

मी पंचांग मिटलं. म्हटलं, आज हे गळू फुटतंय. अन् त्यानं सांगितलं.

तीन वर्षांमागं हा सोलापुरात कामाला होता. शालनच्या थोरल्याचं जावळ. लग्नानंतर किती वर्षांनी झालेलं लेकरू ते! तिनं फोन केला, “रामलिंगाला तेरसला जावळ हाय. तू यायलाच पायजे, मांडी तुझी.” दुकानात गिऱ्हाइकांचा गोंगाट. यानं ऐकलं ‘तेराला’. तिथल्या तिथं लिहून ठेवलं, तेरा. तेरस येऊन गेली. तिथं देवळापाशी सगळे ताटकळत बसलेले, न्हावी वस्तरा परजून कंटाळलेला, रामलिंग खोल दरीत, तिथं फोनला रेंज कुठली? मुहूर्त टळायला आला तेव्हा दाजींच्या नात्यातला कुणीतरी लांबचा मामा शोधला अन् लेकरू त्याच्या मांडीवर बसवलं. अन् आमचा दिनकर तेरा तारखेला नवा शर्ट, भाच्याला सोन्याचा मणी अन् लाडवांची पिशवी घेऊन रामलिंगाच्या पायऱ्यांवर हजर. तिथं कोण? माकडं. पिशवी त्यांनी हिसकावली. हा दिवसभर बसून राहिला, म्हटलं, येतील उशिरानं. संध्याकाळी येडशीला घरी गेला, तर लेकरू गुळगुळीत डोक्यानं अंगणात खेळतंय.

“शालन काय म्हणाली?” मी विचारलं.

“म्हणाली, मामा जिता असून माझं लेकरू परक्याच्या मांडीवर बसलं. अन् आत गेली. दार लावलं न्हाय. पण बाहेर आली न्हाय.”

मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला. पाणी पिऊन म्हणाला, “काकू, माझा वाढदिवस कागदावर एक जून हाय.” मी म्हणाले, “अरे, अर्ध्या जिल्ह्याचा एक जूनच आहे. हेडमास्तरांच्या हाताला तीच तारीख लागायची.” “खरा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. ते एकट्या अक्काला ठाऊक. दरसाली फोन करायची.” मग खाली बघून म्हणाला, “लिहू का? माघ शुद्ध तेरस.”

रिपोर्ट झाला. लग्नाच्या दिवशी दूध खरोखरच कमी येत होतं. दूध घालणारेच वऱ्हाडी, मग पहाटेचं दूध पाव्हण्यांच्या चहाला अन् खव्याला घरातच राहायचं. बाबूशेठ टेबलावर हात आपटून म्हणाले, “म्हंजी माझंच कार्यालय माझंच दूध पितंय व्हय?” पण खूश होते. दिनकरचा फोटो काढून भिंतीला लावतो म्हणाले. त्याला फोटो नको होता. त्याला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं, म्हणून मी शालनला फोन लावला.

“शालन, जावळ कधी गं?”

“तेरसला. तुमच्यासाठनं जीप धाडते, आत्या.”

“अन् भावाला?”

“कोन भाव?”

“ढीगभर आहेत का? एकच तर आहे.”

“त्याला तारखा लागत्यात. आमच्याकडं तारखा न्हाईत.”

“अगं, मी सांगते त्याला तारीख...”

“आत्या, तारीख सांगितलीत तर माझी शपथ हाय. तेरस म्हणा फक्त. ज्याला यायचंय त्याला कळतंय.” अन् फोन ठेवला. आमच्या येडशीच्या सुना अशाच, गोड बोलायला लागल्या तर जीभ झिजते त्यांची.

आता तुम्हीच बघा माझी अडचण. तेरस महिन्यात दोनदा येते, एक शुद्ध, एक वद्य. जीप कोणत्या तेरसला येणार, ते दाजींनी मागनं मला फोन करून सांगितलं. पण शपथ घातलेली. मी जिन्यात उभी राहून ओरडले, “दिनकर, शालनच्या पोरीचं जावळ तेरसला आहे रे!” अन् कानात बोटं घालायच्या तयारीत राहिले. आता विचारणार, कोणती तेरस? कोणती तारीख? मग मी काय सांगणार?

वरून आवाज आला, “बरं.”

एवढंच. मेथीवालीला मेथीची तारीख विचारणारा पोरगा, ‘बरं’! म्हटलं, याचं मन विटलं. हा जात नाही आता.

त्यानंतर एके दिवशी हा पहिल्या गाडीनं कुठंतरी गेला अन् दिवेलागणीला परत आला. हातात चुरगळलेली रिकामी पिशवी. मी विचारलं, “कुठं रे?” “काम होतं.” “अन् पिशवी रिकामी?” “माकडं,” म्हणाला अन् जिना चढला. मला वाटलं, ऑफिसातल्यांना शिव्या देतोय. पुढं काही दिवसांनी परत तसाच गेला, परत तसाच आला. तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. मग जावळाच्या आदल्या दिवशी बघते तर खोलीला कुलूप. बाबूशेठचा माणूस रिपोर्टसाठी दारात, मी त्याला काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी जीप आली. मी एकटीच बसले. रस्ताभर मनात घोकत होते, शालनला काय सांगायचं, कसं समजवायचं. येडशीहून सगळी मंडळी घेऊन रामलिंगाला उतरलो. दाजींच्या हातात नारळ, शालनच्या कडेवर पोरगी, डोक्यावर हे एवढं जावळ, डोळ्यांवर येतंय. बरोबर तोच लांबचा मामा, इस्त्रीचं धोतर नेसून. म्हणजे शालननं तजवीज करून आणलेली.

अन् पायऱ्यांवर, खांबाला टेकून, छातीशी पिशवी धरून, उकिडवा बसलेला आमचा दिनकर. वरच्या कठड्यावर माकडं ओळीनं बसून पिशवीकडं बघतायत.

शालन जागच्या जागी थांबली. पहिली बोलली ती पायरीपाशी बसलेली नारळवाली. “ह्ये मामा तुमचं व्हय? अगं बया, ह्ये तर आमचं कायमचं गिऱ्हाईक झालंय. मागल्या तेरसला आलं, मंग मधीच तेरा तारखेला आलं, काल दिवसभर बसलं, आज उजाडता उजाडता हजर. दर बारीला माकडं लाडू खात्यात अन् ह्ये दर बारीला नवं आणतंय.”

शालननं त्याच्याकडं बघितलं. “काल कशाला आलतास?”

“तेरस काल दुपारीच लागलीय, अक्का. तू काल धरतीस का आज, मला काय म्हाईत.”

“अन् मागल्या तेरसला?”

“ती शुद्ध होती. तू वद्य म्हणाली नव्हतीस.”

“अन् तेरा तारखेला मेल्या कशाला? ती तर तेरसबी नव्हती!”

दिनकरनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “म्हटलं, माझ्यासाठनं एकदा तू तारीख धरली असलीस तर.”

न्हावी वस्तरा पुसत होता, तो पुसतच राहिला. लांबच्या मामानं इस्त्रीचं धोतर आवरलं अन् गुपचूप बाजूला सरकला, शहाणा माणूस. शालननं पदरानं नाक पुसलं, पोरीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, अन् अशी खेकसली की दोन माकडं झाडावर गेली.

“मग उकिडवा काय बसलायस? मांडी घाल!”

घातली त्यानं मांडी. पोरगी त्याच्या मांडीवर बसली अन् पहिल्या झटक्याला तिनं मामाचा चष्मा ओढला. न्हावी म्हणाला, “मामा, हलू नगा.” हा हलला नाही. जावळ नव्या पँटीवर पडत होतं, हलला नाही. पोरीनं मांडी ओली केली, सगळे हसले, तरी हलला नाही. चष्मा नव्हता, डोळ्यांतून काय वाहतंय ते पुसायला हातही उचलला नाही, कारण दोन्ही हातांनी भाची धरलेली. माकडांनी तेवढ्यात लाडू नेले. या वेळी कुणी आरडाओरडा केला नाही.

निघताना शालन जीपपाशी आली. तोंड अजून वाकडंच. दिनकरच्या शर्टावरचे केस झटकत म्हणाली, “परवा घरी जेवायला ये.”

मी कान टवकारले. परवा! दिनकरनं तोंड उघडलं. तो प्रश्न त्याच्या जिभेवर येऊन उभा राहिलेला मला दिसला, आख्खा. मग त्यानं तोंड मिटलं.

“येतो, अक्का,” म्हणाला.

माझा अंदाज, तो दुसऱ्या दिवसापासूनच तिच्या ओट्यावर जाऊन बसला असेल.

असा आहे आमचा तारीखराव. आता ऊन उतरलं, निघायचं तर निघा, पण ही पुरचुंडी घ्या, वाटेत खायला. अन् लवकर परत या बरं का. मी काही दिनकर नाही, तारीख विचारणार नाही. ‘परवा येतो’ म्हणालात तरी चालेल. उद्या शेंगा भाजते, परवा भाजते, अन् तुम्ही येईपर्यंत दार उघडंच ठेवते.